मिळाल्यावर बदलणे

व्हिक्टोरिया राणीच्या पाठीवर पेन्सिलीने एकच शब्द लिहिलेला होता: डांबर.

राणी म्हणजे सिगारेटच्या पाकिटातून निघालेलं चित्र. साडेतीन सेंटिमीटर रुंद, पावणेसात सेंटिमीटर लांब, पातळ पुठ्ठ्याचं. पुढे राणीचा चेहरा, मागे मुंगीच्या पायाएवढ्या टायपात तिच्या कारकिर्दीबद्दलचा इंग्रजी मजकूर, नॉटिंगहॅमच्या जॉन प्लेयर अँड सन्सचं नाव. आणि कडेच्या चिंचोळ्या कोऱ्या जागेत, माझ्या नानामामाच्या शाळकरी अक्षरात, हा शब्द.

नानामामा १९९८च्या पावसाळ्यात गेला. दिवस झाल्यावर मामीने मला माळ्यावर चढवून बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा काढायला लावला. "तू बँकेतला माणूस, तुला कागद सांभाळायची सवय. घेऊन जा बाबा, नाहीतर माझ्यामागे रद्दीत जायचा." डब्यात कडुनिंबाच्या पानांचा चुरा, कापराचा विरलेला वास आणि इंग्लंडचे राजे-राण्या. प्लेयर्सने १९३५ साली काढलेली पन्नास चित्रांची मालिका. एकोणपन्नास चित्रं खरी होती आणि एक वेगळं होतं. त्याच्याबद्दल नंतर सांगतो.

मला आधी वाटलं, मामाने स्वतःसाठी आठवण लिहून ठेवलीय. डांबर, म्हणजे डब्यात डांबराच्या गोळ्या टाकायच्या राहिल्यात. बँकेत आम्हीही जुन्या लेजरांच्या कपाटात त्या टाकायचो. मी मुकाट्याने चार गोळ्या आणल्या आणि डब्यात टाकल्या. दोनेक वर्षांनी चापेकर बंधूंबद्दल काहीतरी वाचत होतो, तेव्हा एकदम ट्यूब पेटली. १८९६ साली मुंबईतल्या व्हिक्टोरिया राणीच्या पुतळ्याला रात्री कुणीतरी डांबर फासलं होतं आणि गळ्यात जोड्यांची माळ घातली होती. ते काम आपलं, असं दामोदर चापेकरांनी नंतर स्वतःच सांगितलं. तोवर ते रँडच्या खुनासाठी तुरुंगात होते, आणि रँडवर गोळी झाडली गेली ती याच राणीच्या हीरक महोत्सवाच्या रात्री. बारा-तेरा वर्षांच्या पोराने हे सगळं एका शब्दात बसवलं होतं आणि मी त्यावर डांबराच्या गोळ्या टाकून बसलो होतो.

मग मी सगळे राजे पालथे घातले.

ही चित्रं मामाकडे आली ती आजोबांमुळे. आजोबा, म्हणजे मामाचे वडील, बॅलार्ड इस्टेटमध्ये एका इंग्रज जहाज कंपनीच्या एजंटाकडे कारकून होते. बोटींवरचे अधिकारी कागदपत्रांसाठी ऑफिसात यायचे, टेबलाशी टेकून नवं पाकीट फोडायचे आणि आतलं चित्र बिनदिक्कत रक्षापात्रात टाकायचे. आजोबा ते उचलून, राख फुंकून, कोटाच्या वरच्या खिशात ठेवायचे. गिरगावातल्या चाळीच्या जिन्यात मामा वाट बघत बसलेला असायचा. आई तेव्हा पाळण्यात होती, त्यामुळे ही हकिगत तिचीही ऐकीवच. पण राख फुंकण्याची नक्कल ती हुबेहूब करायची.

चाळीतल्या बाकीच्या पोरांकडे काडेपेट्यांचे छाप असायचे. अंबरनाथच्या विम्कोचे, कुठे स्वीडनचे, कुठे जपानचे. एका राजाला चार छाप असा भाव होता म्हणे. मामाकडे पाचवा जॉर्ज तीन वेळा आला, त्यातले दोन त्याने छापांवर विकले आणि मग ते छापही एका भोवऱ्यावर घालवले. ज्या पोरांच्या घरी कुणी विलायती सिगारेट पाहिलीही नव्हती, त्यांच्या पत्र्याच्या पेट्यांतून जॉर्ज बादशहा वाघ, घोडा आणि जहाज या छापांबरोबर पडून राहिला असणार. त्याला त्याची काही हरकत असेल असं वाटत नाही. पोस्टाच्या तिकिटावर तोच, रुपयावर तोच. मामाने त्याच्या मागे लिहिलंय, "आपल्या रुपयावरचा हाच."

इथे माझ्यातला कॅशियर थोडा मधे बोलणार. पाचव्या जॉर्जचा १९११चा रुपया पाहिलाय कधी? त्याच्या झग्यावरच्या पदकात हत्ती आहे, पण तो इतका बारीक आणि बेढब उमटला की लोकांना ते डुक्कर वाटलं. ओरड झाली आणि पुढच्या वर्षीपासून सोंड नीट दिसेल असा नवा ठसा काढावा लागला. एवढ्या मोठ्या साम्राज्याला एका सोंडेपायी टांकसाळीत ठसा बदलावा लागला, याचा मला अजूनही आनंद होतो. असो.

दुसऱ्या चार्ल्सच्या मागे मामाचं सगळ्यात लांब वाक्य आहे: "ह्याला आपली मुंबई आंदण मिळाली." बरोबरच आहे. १६६१ साली पोर्तुगालच्या कॅथरीनशी लग्नाचा करार झाला, त्यात मुंबई बेट जावयाला मिळालं. जावयाला त्याचं करायचं काय ते कळेना. १६६८मध्ये त्याने ते वर्षाला दहा पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकलं. "हुंडा" असा शब्द पुस्तकात असतो. मामाने "आंदण" लिहिला, कारण चाळीत लग्न व्हायचं तेव्हा भांडीकुंडी, पलंग, गादी हे सगळं आंदण म्हणूनच जायचं. त्या भांड्यांच्या रांगेत त्याला गिरगाव दिसलं असावं. याच चार्ल्सच्या काळात, १६७४ साली, कंपनीचा वकील हेन्री ऑक्झेंडन मुंबईहून रायगडावर गेला आणि त्याने शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक डोळ्यांनी पाहिला. प्लेयर्सच्या मजकुरात यातलं काही नाही. तिथे जागाही नाही म्हणा. सगळी कारकीर्द दहा-बारा ओळींत उरकायची.

सातव्या एडवर्डच्या मागे: "काळ्या घोड्यावरचा." आठव्या हेन्रीच्या मागे: "सहा बायकांचा दादला." शाळेत हे ऐकून हसू आवरलं नसणार. आणि शिरच्छेद झालेल्या पहिल्या चार्ल्सच्या मागे दोन हस्ताक्षरं आहेत. पेन्सिलीने, मुलाच्या अक्षरात: "प्रजेने मुंडकं उडवलं." त्याच्या खाली निळ्या शाईने, मोठ्या माणसाच्या तिरक्या अक्षरात, फक्त तारीख: "३० जानेवारी." चार्ल्सला मारलं ते १६४९च्या ३० जानेवारीला. पण मामाने शाईत लिहिलेली ३० जानेवारी त्याची नव्हे, असं मला वाटतं. १९४८मध्ये मामा चोवीस वर्षांचा होता. त्या दिवसांत कधीतरी त्याने हा डबा उघडला होता, एवढंच त्यावरून कळतं. गांधीजींबद्दल तो आमच्यासमोर कधी एक शब्द बोलला नाही. बरा नाही, वाईटही नाही.

हळूहळू लक्षात आलं की मामासाठी ही मालिका इतिहासाची नव्हतीच. ती त्याच्या गावाची होती. फोर्टात जाताना सातवा एडवर्ड काळ्या घोड्यावर बसलेला दिसायचा. सर अल्बर्ट ससूनने दिलेला तो पुतळा १८७९पासून तिथे होता. पुढे व्हिक्टोरिया राणी संगमरवरी छताखाली. गेटवे पाचव्या जॉर्जच्या १९११च्या भेटीची आठवण म्हणून बांधलेला, आणि त्याच्यासमोर पुन्हा जॉर्जच. इंग्लंडमधलं पोर पाकिटातून राजा काढून अल्बममध्ये चिकटवत होतं, आणि गिरगावातलं पोर तोच राजा रस्त्यावर शोधत होतं. आख्खी मुंबईच एक अल्बम होती, फक्त पानं दगडाची.

मग ती पानंही उलटली. गेटवेसमोर जॉर्जच्या जागी १९६१च्या प्रजासत्ताक दिनी शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा आला. १९६५मध्ये काळा घोडा उचलला गेला आणि मागे नुसतं नाव उरलं. तो आता भायखळ्याला राणीच्या बागेत आहे. मी मुद्दाम बघायला गेलो होतो, डबा पिशवीत घेऊन. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात हे सगळे दगडी साहेब उभे-बसलेले आहेत, कुणाचं नाक गेलेलं, कुणाचा हात. एका बाकावर बसून मी चित्रं काढून त्यांच्याशी ताडून पाहू लागलो. शेजारी एक जोडपं भेळ खात होतं. त्यांनी जागा बदलली.

डबा आला तेव्हा मी पस्तिशीत होतो, आणि लागण व्हायचं वय निघून गेलंय असं समजत होतो. पण सहा महिन्यांत मी पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवार-रविवार घिरट्या घालायला लागलो. पितळी अडकित्ते, बंद पडलेली घड्याळं, ग्रामोफोनचे कर्णे यांत सिगारेटची चित्रं कुठून येणार? आली मात्र. एका जुन्या अल्बममध्ये विल्सच्या 'सिझर्स' सिगारेटची तीन चित्रं मिळाली. कात्रीचं चित्र असलेल्या या सिगारेटी खास हिंदुस्थानातल्या बाजारासाठी होत्या, आणि त्यांच्या पाकिटांतून इथल्या पलटणी आणि इथले गव्हर्नर जनरल यांच्या मालिका निघाल्या होत्या. विकणाऱ्याने तिन्हींचे मिळून दीडशे रुपये सांगितले. मी शंभर म्हटलं, तो म्हणाला, "साहेब, लाटसाहेब आहे त्यात." मी दीडशे दिले.

या सगळ्याचं मूळ किती साधं आहे! अमेरिकेत सिगारेटचं पाकीट म्हणजे नुसता मऊ कागद असायचा. खिशात ठेवलं की आतल्या सिगारेटी मोडायच्या. म्हणून मधे एक पुठ्ठ्याचा तुकडा सरकवायचे. तो कोरा कशाला ठेवायचा, म्हणून त्यावर चित्र आलं. चित्र आलं म्हणून नंबर आला. नंबर आला आणि माणूस अडकला. सतरा नंबर नाही म्हटल्यावर पुढचं पाकीट घेणं आलं. १८८०च्या दशकात बॉन्सॅकचं यंत्र आलं. ते दिवसाला लाखभर सिगारेटी वळायचं, आणि तेवढ्या सिगारेटी खपवायच्या तर चित्रंही तेवढीच हवीत. रिचमंडच्या ॲलन अँड जिंटर कंपनीने चाचे काढले, राजेरजवाडे काढले, पक्षी काढले. ड्यूकच्या कंपनीने यादवी युद्धातले सेनापती काढले, दोन्ही बाजूंचे. गिऱ्हाईक दोन्हीकडे होतं. पुढे १८९०मध्ये अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्या एक झाल्या, चढाओढ संपली आणि चित्रंही आटली. मग इंग्लंडने ते वेड उचललं आणि दुसऱ्या महायुद्धात कागद तुटेपर्यंत चालवलं.

ॲलन अँड जिंटरच्या मालिकांमध्ये एक आहे अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या सरदारांची, १८८८ची, पन्नास चित्रांची. सिटिंग बुल, जेरोनिमो, रेड क्लाउड, चीफ जोसेफ. रंग असे की आजचा छापखाना लाजेल. मला त्यातला सिटिंग बुल हवा होता. एका ऑनलाइन विक्रेत्याकडे दिसला, कोपरे थोडे झिजलेले, किंमत माझ्या पंधरवड्याच्या पगाराएवढी. घरात सांगितलं, ऑफिसच्या सोसायटीचं कर्ज फेडायचंय. महिन्याने पाकीट आलं. चित्र हातात घेतलं आणि काहीतरी खुपलं. वास नव्हता. मामाच्या डब्यातल्या चित्रांना बंद कपाटाचा, जुन्या खळीचा एक आंबूस वास आहे. याला काहीच नव्हता.

दुसऱ्या दिवशी ते डब्याच्या झाकणात घालून शाखेत नेलं. आमच्या काउंटरवर नोटा तपासायचा जांभळा दिवा असायचा. खऱ्या नोटेचा कागद त्याखाली मंद, काळपट राहतो, नुसते धागे आणि आकडे चमकतात. साधा आधुनिक कागद मात्र निळापांढरा पेटतो, कारण त्यात पांढरेपणासाठी रसायन घातलेलं असतं, आणि ते रसायन एकोणिसाव्या शतकात नव्हतंच. सिटिंग बुलला दिव्याखाली धरलं. तो नवऱ्या मुलाच्या शर्टासारखा झळकला. मग भिंग लावलं. दगडी छपाईत ठिपके हाताने टिपलेले असतात, कुठे दाट, कुठे विरळ, रांगोळीसारखे. याच्या गालावर चार रंगांचे यंत्राचे ठिपके होते, एकसारख्या फुलांच्या रांगा. कोपरे कुणीतरी पॉलिशपेपरने झिजवले होते आणि चहाच्या पाण्याने पिवळे केले होते. शेजारच्या काउंटरवरची बाई म्हणाली, "काय साहेब, खोटी लागली?" मी म्हटलं, "हो, पण आपल्या खात्यातली नाही."

खोटा सिटिंग बुल मी फेकला नाही. त्याच्याकडे बघताना एक गोष्ट सुचते, जी खऱ्याकडे बघून कदाचित सुचली नसती. १८८८ साली हे चित्र पाकिटात आलं तेव्हा जेरोनिमो कैदेत होता, आणि मरेपर्यंत, १९०९पर्यंत, कैदेतच राहिला. सिटिंग बुलला दोन वर्षांनी, १८९०च्या डिसेंबरमध्ये, अटक करताना मारलं. म्हणजे ही थोर पुरुषांची चित्रं नव्हती. हरलेल्या शत्रूंची होती, आणि ती ज्या वस्तूच्या खपासाठी छापली ती तंबाखू मुळात त्यांच्याच भूमीतली.

सिगारेटबरोबर महापुरुष, ही गोष्ट आपल्याकडे सांगितली की लोक चमकतात. एकदा एका कट्ट्यावर मी कौतुकाने सांगितलं की इंग्रजांनी आपले सगळे राजे सिगारेटच्या पाकिटात घातले होते, तर एक मित्र म्हणाला, "लाज नव्हती त्यांना." बोलणं लगेच संभाजी बिडीवर गेलं. वर्षानुवर्षं टपरीवर मिळणाऱ्या त्या बिडीला छत्रपतींचं नाव का, यावर आंदोलन झालं आणि अखेर नाव बदलून साबळे बिडी झालं. मला ते पटलं होतं. तरी मनात आलं, एवढी वर्षं ज्यांनी बिडी ओढून त्या नावाचं बंडल खिशात ठेवलं, त्यांना त्यात अपमान वाटला नव्हता आणि मानही वाटला नव्हता. फक्त बंडल ओळखता येत होतं. इंग्लंडमधल्या पोरांनाही हेन्री आणि चार्ल्स तसेच ओळखता येत होते. मान-अपमान ही नंतर येणारी गोष्ट आहे. होनस वॅग्नर नावाच्या अमेरिकन बेसबॉलपटूने मात्र जिवंतपणी हरकत घेतली आणि त्याचं चित्र थांबवलं गेलं. पोरांनी त्यासाठी तंबाखू विकत घेऊ नये म्हणून, असं सांगतात; पैशावरून बिनसलं असंही सांगतात. कारण काही असो, त्याची मोजकीच चित्रं बाहेर पडली होती, आणि त्यातलं एक २०२२मध्ये साडेबाहत्तर लाख डॉलरला गेलं. मेलेल्या राजांना अशी हरकत घेता येत नाही.

छापून तयार झालेली आणि बाहेरच न पडलेली चित्रं, ही या छंदातली माझी सगळ्यात आवडती जात. विल्सने वॉटर्लूच्या लढाईच्या शताब्दीसाठी मालिका तयार केली. शताब्दी आली १९१५ला, आणि तेव्हा फ्रान्स इंग्लंडच्या बाजूने खंदकात उभा होता. दोस्ताला त्याच्या पराभवाची चित्रं कशी वाटायची? मालिका गोदामात राहिली. त्याच सुमारास संगीतकारांच्या मालिकेतून जर्मन संगीतकार काढून त्यांच्या जागी दुसरे घातले. शत्रूची सुरावट सिगारेटबरोबरही चालेना. आणि १९३६ साली आठव्या एडवर्डच्या चरित्राची पन्नास चित्रं तयार झाली, तर राजाने एका बाईसाठी डिसेंबरात गादीच सोडली. कंपनीचा कारकून त्या दिवशी काय म्हणाला असेल, ते मला अगदी ऐकू येतं. मी तीस वर्षं छापून आलेले आणि मग रद्द झालेले फॉर्म पाहिलेत.

आमच्या या जमातीत थोर लोकही होऊन गेले. सिरॅक्यूजच्या कारखान्यात काम करणारा जेफरसन बर्डिक, संधिवाताने हात वाकडे झालेला. त्याने तीन लाखांवर चित्रं जमवून न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाला दिली, आणि नुसती देऊन थांबला नाही. तिथेच एका टेबलाशी बसून वर्षानुवर्षं आपल्या हातांनी अल्बमांत चिकटवत राहिला. १९६३च्या १० जानेवारीला शेवटचं चिकटवलं आणि मार्चमध्ये गेला. त्याने केलेली अक्षर-आकड्यांची वर्गवारी आजही बाजारात चालते. त्याचा फोटो बघितला की मला लेजर बंद करून चष्मा पुसणारे आमचे जुने हेडक्लार्क आठवतात.

२०१४ साली लेकीकडे लंडनला गेलो. डबा बरोबर नेला नव्हता, पण दहा चित्रं पासपोर्टच्या पाकिटात होती. चेरिंग क्रॉस रोडलगत सेसिल कोर्ट नावाची गल्ली आहे, दोन्ही बाजूंना जुनी पुस्तकं, नकाशे, नोटा, चित्रं. तिथल्या एका दुकानात माझ्याच वयाचा एक सज्जन काउंटरमागे बसला होता. मी चित्रं पुढे केली. त्याने ती न वाकवता, फक्त कडांना धरून, एकेक उचलली. पुढून बघताना खूश होता. पाचवं पालथं केलं आणि त्याचा चेहरा पडला. मग सगळीच पालथी केली. अतिशय हळू आवाजात, कुणाच्या आजारपणाची चौकशी करावी तसं, त्याने विचारलं, "हे सगळ्यांवरच आहे का?"

मी म्हटलं, हो.

तो म्हणाला, मालिका अगदी सर्वसामान्य आहे, लाखांनी छापलेली, आजही सहज मिळते. आणि पाठीवर लिहिलेलं असलं की तिला काही किंमतच राहत नाही. पण काळजी करू नका, पेन्सिलच आहे. आणि त्याने खणातून पांढरा मऊ रबर काढला. वरची व्हिक्टोरिया पालथी करून डाव्या हाताने दाबून धरली, आणि उजवा हात खाली आला.

मी काउंटरवर दोन्ही पंजे ठेवले. आवाज मोठा झाला असावा, कारण दुकानातले आणखी दोघे वळले. सज्जन दचकला. माझ्या इंग्रजीला घाईत काही सुचेना. काय सांगणार होतो मी त्याला? डांबर या शब्दाचा अर्थ सांगायला चापेकर सांगावे लागले असते, प्लेग सांगावा लागला असता, आणि समोर त्याची राणी पालथी पडलेली. मी म्हटलं, "माझ्या मामाचं अक्षर आहे." तेवढं त्याला पुरलं. त्याने रबर खणात ठेवला आणि माफी मागितली, खरी.

मग ओशाळून मी काहीतरी घ्यायचं म्हणून सुट्या चित्रांचा खोका मागितला. त्यात ही मालिकाही होती, नंबरवार, मधे पुठ्ठ्याच्या खुणा घातलेली. आणि दुसरा जेम्स. एक पौंड.

आता ते वेगळं चित्र. मामाच्या डब्यात पन्नासावं जे होतं, ते प्लेयर्सचं नव्हतंच. कसल्यातरी लग्नपत्रिकेचा जाड कागद बाकीच्यांच्या बरोब्बर मापाने कापलेला. त्यावर कुरळ्या केसांचा लांब टोप, गळ्याशी झालर, खांद्यावर चिलखत, असं सगळं पेन्सिलीने मन लावून काढलंय. चेहरा मात्र कोरा. नाक नाही, डोळे नाहीत. त्याने दुसऱ्या जेम्सचा चेहरा पाहिलेलाच नव्हता, बाकीचं त्या काळच्या शेजाऱ्यापाजाऱ्यांवरून उचललं होतं; चेहरा मात्र मनाने घालायला तो तयार नव्हता. मागे, इंग्रजी मजकूर असतो त्या जागी, चार ओळी मराठीत: "दुसरा जेम्स. १६८५ ते १६८८. पळाला. मिळाल्यावर बदलणे."

आजोबांच्या ऑफिसात दुसरा जेम्स कधी आलाच नाही. मग लढाई लागली, चित्रं बंद झाली, मामा म्युनिसिपालिटीत चिकटला, चाळ सुटली. पुढे साठ वर्षं त्याला तो मिळवता आला असता का? सहज. एक पत्र टाकायचं, पोस्टल ऑर्डर लावायची. इंग्लंडात १९२७पासून सुटी चित्रं पोस्टाने विकणारं दुकान आहे. मामाला ते माहीत नसणार, किंवा असेलही. तो विचारून ठेवणारा माणूस होता.

लंडनचा जेम्स मी घरी आणून डब्यात ठेवला. पुढून छान आहे, रंग ताजे, कोपरे धारदार. मागे नुसता मजकूर. कितीदा पालथा केला तरी मागे नुसता मजकूरच.

गेल्या दिवाळीत बहिणीची मुलगी आली होती, सातवीत आहे. तिला सतरंजीवर सगळे राजे मांडून दिले. तिने आधी शेरे वाचले, 'दादला' म्हणजे काय ते विचारलं, डांबराची गोष्ट दोनदा सांगायला लावली. मग मोजायला बसली.

"मामा, सेट पन्नासचा आहे ना? एक्कावन्न आहेत."

"असू दे."

"हा दोनदा आहे. दुसरा जेम्स. आणि ह्याला नाक-डोळेच नाहीत." तिने ते पालथं केलं आणि बोट ठेवून मोठ्याने वाचलं. "मिळाल्यावर बदलणे. मग? मिळाला ना हा?"

"मिळाला."

"मग बदल की."

मी चहा टाकायला उठलो.